भोपाळचा संघ, ग्वाल्हेरचे मैदान

सन २०२४ च्या जून महिन्यात भोपाळच्या नावाचा एक क्रिकेट संघ ग्वाल्हेरला खेळला. यात नवल ते काय, असे कोणीही विचारील. एका गावचा संघ दुसऱ्या गावी जातो, तेथे जिंकतो किंवा हरतो आणि घरी परततो. क्रिकेटचा खेळ या देशात रुजला तेव्हापासून हे चालत आले आहे. परंतु या संघाची गोष्ट थोडी निराळी होती. त्याचे सगळेच सामने ग्वाल्हेरला होते. भोपाळच्या कोणत्याही मैदानावर त्या हंगामात त्याचा एकही सामना झाला नाही. आपल्या गावचा संघ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयाची इच्छा असणाऱ्या भोपाळकर रसिकाला आगगाडीत बसून विदिशा, बीना, झाशी ही स्थानके मागे टाकीत सुमारे चारशे किलोमीटर उत्तरेस जावे लागत होते.

या संघाचे नाव भोपाळ लेपर्ड्स. मध्य प्रदेश लीग नावाची वीस-वीस षटकांची स्पर्धा त्या वर्षी प्रथमच भरली. तिच्या चषकाला शिंदे घराण्याचे नाव होते आणि ती ग्वाल्हेरच्या वेशीबाहेर शंकरपूर येथे नव्याने उभारलेल्या श्रीमंत माधवराव शिंदे स्टेडियमवर झाली. संघ पाच होते: भोपाळचे लेपर्ड्स, ग्वाल्हेरचे चीताज, जबलपूरचे लायन्स, माळव्याचे पँथर्स आणि रीव्याचे जॅग्वार्स. पाचही नावे मार्जारकुळातील आहेत, हे चटकन ध्यानात येते. त्यातला जॅग्वार आपल्या अरण्यात कधी नव्हताच. आणि शिकाऱ्यांच्या बोलीत पँथर आणि लेपर्ड म्हणजे एकच जनावर, आपला बिबट्या. चित्ता या देशातून नामशेष झाला होता, तो सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आणून ग्वाल्हेरच्या शेजारच्याच कूनोच्या जंगलात सोडण्यात आला. तेव्हा निदान ग्वाल्हेरच्या संघाच्या नावाला तरी भूगोलाचा काही आधार आहे.

नावांची ही थट्टा सोडून दिली, तरी एक प्रश्न उरतोच. जो संघ भोपाळमध्ये खेळत नाही, त्याला भोपाळचा कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? या प्रश्नाचे उत्तर ज्या शब्दात दडलेले आहे तो शब्द म्हणजे फ्रँचायझी. त्याला मराठीत सुटसुटीत प्रतिशब्द नाही. त्यातल्या त्यात ‘मक्ता’ हा शब्द जवळचा. जुन्या काळी नदीवरच्या नावेचा, बाजाराच्या जकातीचा किंवा जंगलातील मोहाच्या फुलांचा मक्ता लिलावाने दिला जात असे. ठराविक रक्कम भरावी, ठराविक मुदतीपर्यंत उत्पन्न घ्यावे, असा तो व्यवहार. नाव मक्तेदाराची नसे, नदी तर नसेच. त्याचा असे तो फक्त उत्पन्नाचा अधिकार. आजच्या क्रिकेटमध्ये हा मक्ता शहराच्या नावाचा असतो. शहराच्या नावाने संघ उभा करावयाचा, गणवेश शिवावयाचा, जाहिरातदार मिळवावयाचे आणि दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील वाटा घ्यावयाचा, हा अधिकार विकत घेतला जातो. हिंदुस्थानात या पद्धतीचा थाटामाटाने आरंभ झाला तो २४ जानेवारी २००८ रोजी मुंबईत. त्या दिवशी इंडियन प्रीमियर लीगच्या आठ शहरांचे संघ लिलावात विकले गेले. एकट्या मुंबईच्या नावाला ११ कोटी १९ लाख डॉलर मोजण्यात आले. महिना उलटण्याच्या आत, २० फेब्रुवारीला, खेळाडूंचाही लिलाव झाला आणि रांचीचा महेंद्रसिंग धोनी १५ लाख डॉलरना चेन्नईचा झाला. तेव्हा अनेकांच्या भुवया वर गेल्या होत्या. माणसाचा लिलाव ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आज त्या लिलावाची वाट घरोघरी दिवाळीसारखी पाहिली जाते.

राज्याच्या पातळीवरील लीग ही या मोठ्या वृक्षाची फांदी. कर्नाटकाने २००९ मध्ये, तामिळनाडूने २०१६ मध्ये, मुंबईने २०१८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये अशा स्पर्धा सुरू केल्या. मोठ्या लीगमध्ये आणि यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. राज्याच्या लीगमध्ये बाहेरचा खेळाडू चालत नाही. जो तो खेळाडू त्या राज्याच्या क्रिकेट संघटनेकडे नोंदलेला असावा लागतो. तेव्हा भोपाळच्या संघात वेस्ट इंडीजचा फलंदाज किंवा ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज असण्याचा संभव नाही. परंतु त्यात सगळे भोपाळचेच असतील असेही नाही. अशा लीगांतून राज्यातील खेळाडू लिलावाने किंवा पाळीपाळीच्या निवडीने संघांत वाटले जातात. मध्य प्रदेशाच्या क्रिकेट संघटनेचे जे जुने विभाग आहेत, भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, रीवा इत्यादी, त्यांच्यात वर्षानुवर्षे विभागीय सामने होत आले. त्या सामन्यांना प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे मित्र, दोनचार निवृत्त मास्तर आणि झाडाखालचा चहावाला. लीगने त्याच विभागांच्या नावांना जनावरांची झूल पांघरली, रात्रीचे प्रकाशझोत लावले आणि सामने दूरचित्रवाणीवर नेले. सगळे एकाच मैदानावर घेतले की प्रकाशयोजना, कॅमेरे, पंच, खेळाडूंची राहण्याची सोय यांचा खर्च एकदाच येतो आणि पावसाळा तोंडावर असताना स्पर्धा नऊदहा दिवसांत उरकता येते. हिशेब सरळ आहे. त्यात भोपाळचे मैदान बसत नव्हते, इतकेच.

वस्तुतः क्रिकेटने भोपाळला बाजूस ठेवण्याची ही पहिली वेळ नव्हे. त्याची कारणे समजावयाची तर संस्थानांच्या काळापर्यंत मागे जावे लागते, आणि तो काळ मराठी वाचकाला परका नाही.

आज ज्याला मध्य प्रदेशाचे क्रिकेट म्हणतात त्याचे मूळ इंदूरच्या होळकरांच्या आश्रयात आहे. नागपूरचे कोट्टारी कनकय्या नायडू, ज्यांना सारा देश सी. के. म्हणून ओळखतो, त्यांना १९२३ मध्ये होळकर दरबाराने इंदूरला नेले आणि सैन्यात हुद्दा दिला. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात तेथे जो संघ जमला, तसा संघ संस्थानी हिंदुस्थानात क्वचितच जमला असेल. मुश्ताक अली इंदूरचेच. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर, भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर ही नावे वाचली तरी या संघात मराठी मंडळींचा भरणा किती होता ते कळते. १९४१-४२ ते १९५४-५५ या काळात हा संघ रणजी करंडकासाठी खेळला. त्यात दहा वेळा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्याने ८ बाद ९१२ धावा केल्या, तेव्हा एकाच डावात सहा जणांची शतके झाली होती. त्याआधीच्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करूनही त्याच्या संघाला हार पत्करावी लागली.

आता विचार केला तर होळकरांचा संघही एका परीने फ्रँचायझीच होता. खेळाडू गावोगावचे, धनी एक, पगार धन्याचा, नाव धन्याचे. फरक दोन गोष्टींत होता. पहिला असा, की होळकरांनी ज्याला बोलाविले त्याला हुद्दा दिला, घर दिले, आणि तो खेळाडू पुष्कळदा कायमचा इंदूरकर झाला. नायडू, सरवटे, गायकवाड यांची नावे आजही इंदूरचीच म्हणून घेतली जातात. दुसरा फरक असा, की तो संघ इंदूरला, यशवंत क्लबच्या मैदानावर, लोकांच्या डोळ्यांसमोर खेळत असे. आजचा करार एका किंवा तीन हंगामांचा असतो. करार संपला की खेळाडूच्या अंगावरील जनावर बदलते.

भोपाळमध्येही संस्थानाचा आश्रय होता. पण तो निराळ्या खेळांकडे वळला. नवाब हमीदुल्ला खान हे १९३५ ते १९३७ या काळात क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते खरे, तथापि त्यांचे स्वतःचे प्रेम पोलोवर. गावाचे प्रेम हॉकीवर. या एका शहराने किती हॉकीपटू दिले! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघात भोपाळचे अहसान महंमद खान होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने पहिले सुवर्णपदक मिळविले, त्या संघात भोपाळचे अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान होते. पुढे इनाम-उर-रहमान, अस्लम शेरखान, जलालुद्दीन, समीर दाद अशी परंपरा चालू राहिली. ऐशबागचे मैदान आणि औबेदुल्ला खान सुवर्णचषक ही नावे जुन्या भोपाळकराच्या तोंडी असतात तशी क्रिकेटची एकही गोष्ट असत नाही. अपवाद एक. मन्सूर अली खान पतौडी ५ जानेवारी १९४१ रोजी भोपाळमध्ये जन्मले. त्यांची आई हमीदुल्ला खानांची कन्या. परंतु ते खेळले दिल्लीकडून, हैदराबादकडून, आणि भारताचे कप्तान म्हणून. भोपाळकडून खेळावे असा संघच नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. तोपर्यंत मध्य भारत राज्याचा कारभार हिवाळ्यात ग्वाल्हेरहून आणि उन्हाळ्यात इंदूरहून चाले. नव्या राज्यात वाटणी अशी पडली, की मंत्रालय भोपाळला आले, उच्च न्यायालय जबलपूरला गेले, आणि क्रिकेट जेथे होते तेथेच राहिले, म्हणजे इंदूर आणि ग्वाल्हेर येथे, होळकर आणि शिंदे यांच्या दोन मराठी राजधान्यांत. मोठे सामने या दोन गावी झाले. सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातील २०० धावांचा डोंगर प्रथम सर केला तो २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या रूपसिंग स्टेडियमवर. भोपाळच्या वाट्याला बाबे अली मैदान, ओल्ड कॅम्पियन शाळेचे मैदान आणि मुलांच्या शिकवण्या आल्या. तेथे तयार झालेला मुलगा खेळावयास मात्र बाहेरगावी जाई.

फ्रँचायझीचा प्रयोग भोपाळने क्रिकेटच्या आधी हॉकीत करून पाहिला होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची स्पर्धा निघाली. आठ संघांपैकी एक भोपाळ बादशाहज, कप्तान भोपाळचाच समीर दाद. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी चंडीगडला स्पर्धेचा पहिलाच सामना झाला आणि त्यात भोपाळने यजमानांना ४-३ असे हरविले. हा संघ ऐशबागवर, आपल्या गावच्या लोकांपुढे खेळला. मैदान स्वतःचे, कप्तान स्वतःचा, खेळ तर पिढीजात. तरीही पुढच्या वर्षी संघ नव्हता, कारण स्पर्धाच नव्हती. पहिला हंगाम हाच त्या लीगचा अखेरचा हंगाम ठरला. घरचे मैदान असले म्हणजे संघ टिकतो, असेही म्हणता येत नाही ते यामुळे.

पुण्याच्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण आठवेल. रायझिंग पुणे सुपरजायंट हा संघ चेन्नई आणि राजस्थान यांच्यावरील दोन वर्षांच्या बंदीच्या काळात २०१६ आणि २०१७ असे दोनच हंगाम जगला. पहिल्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता. मैदानांवर पाणी मारावे की माणसांना प्यावयास द्यावे, असा वाद मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि एप्रिलअखेरनंतरचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले. पुण्याच्या संघाने आपले ‘घर’ विशाखापट्टणला थाटले. दुसऱ्या वर्षी तोच संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. मुंबईच्या १२९, पुण्याच्या १२८. त्यानंतर संघ विसर्जित झाला. ती एक धाव भरून काढण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही.

हे सगळे ध्यानात ठेवून भोपाळ लेपर्ड्सच्या पहिल्या हंगामाकडे पाहिले पाहिजे. विजेतेपद जबलपूर लायन्सने पटकाविले. भोपाळच्या वाट्याला चषक आला नाही. आला तो एक डाव.

माळवा पँथर्सविरुद्धच्या सामन्यात अनिकेत वर्मा नावाच्या बावीस वर्षांच्या फलंदाजाने ४१ चेंडूंत १२३ धावा केल्या. त्यात १३ षटकार होते. आकड्यांची जरा फोड करून पाहावी. तेरा चेंडूंवर ७८ धावा निघाल्या. उरलेल्या २८ चेंडूंवर ४५. वीस षटकांच्या डावात चेंडू असतात १२०. त्यातील एकतृतीयांश चेंडू एकट्याने खेळून त्याने एवढ्या धावा केल्या, की सामान्य दिवशी तेवढ्यांत संपूर्ण संघाचा डाव आटोपतो. स्पर्धेत सर्वांत अधिक धावा त्याच्याच, २७३. हा मुलगा जन्मला झाशीस, वाढला भोपाळला, काकांच्या आधाराने. लहानपणीच त्याची आई गेली आणि क्रिकेटच्या शिकवणीला त्याला नेणारे हे काकाच होते.

या डावाशेजारी भोपाळच्याच दुसऱ्या एका तरुणाचा डाव ठेवून पाहण्यासारखा आहे. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक प्रथमच जिंकला. त्या संघाचा कप्तान आदित्य श्रीवास्तव आणि सलामीचा फलंदाज यश दुबे हे दोघे भोपाळचे. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावरील त्या सामन्यात मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना यश दुबेने १३३ धावा केल्या, आणि त्यासाठी तो ३३६ चेंडू खेळला. शुभम शर्माच्या ११६ आणि रजत पाटीदारच्या १२२ धावांची भर पडून मध्य प्रदेशाची मजल ५३६ पर्यंत गेली, तेव्हाच सामना हातातून निसटल्याचे मुंबईला कळून चुकले. त्याच हंगामात केरळविरुद्ध यश दुबेने २८९ धावा केल्या होत्या; त्या डावात त्याने ५९१ चेंडू खेळून काढले. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. याच मैदानावर १९९८-९९ च्या मोसमात मध्य प्रदेशाचे कप्तान म्हणून त्यांनी अंतिम सामना गमावला होता. तेवीस वर्षांनी तेथेच करंडक हाती आला, तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले साऱ्या देशाने पाहिले.

१२३ धावा आणि १३३ धावा, अंतर दहाचे. ४१ चेंडू आणि ३३६ चेंडू. अंतर तब्बल २९५ चेंडूंचे, म्हणजे जवळजवळ पन्नास षटकांचे. एक डाव दीड तासाच्या आत आटोपणारा, दुसरा एका दिवसाहून दुसऱ्या दिवसात जाणारा. पहिल्याने प्रतिपक्षाला उत्तर देण्यास वेळच ठेवला नाही, दुसऱ्याने प्रतिपक्षाचा सगळा वेळ काढून घेतला. दोन्ही कलाच आहेत आणि त्यातील एकीला खरे क्रिकेट व दुसरीला धिंगाणा म्हणण्याची जी रीत जुन्या रसिकांत आहे तीत काही अर्थ नाही. तेरा वेळा चेंडू सीमेपार उचलावयास डोळा, मनगट आणि धाडस यांचा जो मेळ लागतो तो पाच दिवसांच्या सामन्यातल्या भल्याभल्यांना साधत नाही. पण बाजारात या दोन डावांना सारखा भाव नाही, ही मात्र खरी गोष्ट आहे.

तो भाव कसा ठरतो ते अनिकेतच्या पुढच्या वाटचालीवरून दिसते. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी अरबस्तानातील जेद्दा येथे मोठ्या लीगचा लिलाव झाला. प्रत्येक संघाला खर्च करावयास १२० कोटी रुपये होते. त्यात हैदराबादच्या संघाने अनिकेतला ३० लाखांना घेतले. त्या समुद्रात ही रक्कम म्हणजे थेंब. त्याच लिलावात इंदूरच्या व्यंकटेश अय्यरला कोलकात्याने २३ कोटी ७५ लाख दिले होते. परंतु अनिकेतच्या बाबतीत रकमेपेक्षा त्याची निवड कशावरून झाली हे महत्त्वाचे. तोपर्यंत मध्य प्रदेशाच्या मुख्य संघाचा अनुभव त्याच्या पदरी नव्हता म्हटले तरी चालेल. त्या हिवाळ्यात तो राज्याकडून वीस षटकांचा एक सामना खेळला आणि हैदराबादविरुद्धच्या त्या सामन्यात शून्यावर बाद झाला. शाळा, क्लब, विभाग, राज्य, आणि मग देश, अशी जी पायऱ्यांची वाट नायडूंच्या काळापासून होती तिच्यातील मधल्या पायऱ्या गाळून तो थेट वरच्या मजल्यावर गेला. राज्याची लीग हा बाजूचा दरवाजा ठरला. तामिळनाडूत वरुण चक्रवर्ती याच दरवाजाने आत आला होता. शिकला वास्तुकला, आणि राज्याच्या लीगमधील एका हंगामानंतर त्याच्यावर ८ कोटी ४० लाखांची बोली लागली.

या दरवाजाचा लाभ कोणाला, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. विभागीय सामन्यात ४१ चेंडूंत १२३ धावा काढणारे पूर्वीही कोणी असतील. त्या धावांना साक्षीदार तो झाडाखालचा चहावाला. लीगमध्ये प्रत्येक चेंडूचे चित्रीकरण होते, मोठ्या संघांचे पारखी ते पाहतात, आणि मुंबई-दिल्लीत ओळख नसलेल्या मुलाचे नाव एका रात्रीत सगळीकडे होते. हा लाभ खराच, आणि लहान गावच्या मुलांना तो अधिक. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर भोपाळच्या मैदानांवर सकाळी सहा वाजता बॅट घेऊन येणाऱ्या मुलासमोर आता दोन आदर्श आहेत आणि त्यातील एकाची वाट नऊ दिवसांची तर दुसऱ्याची दहा वर्षांची आहे. तो कोणती निवडील हे सांगावयास ज्योतिषी नको. संघाचा डाव दोन दिवस तोलून धरणारा सलामीचा फलंदाज घडविण्यास जो वेळ लागतो, तो द्यावयास मुलगा, पालक आणि शिक्षक तयार असतील का? रणजी करंडक जिंकणाऱ्या राज्याने हा प्रश्न इतरांपेक्षा आधी स्वतःला विचारावयास हवा, कारण त्याचा करंडक षटकारांनी आलेला नाही. गंमत अशी, की ज्या रजत पाटीदारने रणजीच्या अंतिम सामन्यात शतक केले त्याच्याच नेतृत्वाखाली ३ जून २०२५ रोजी बंगळूरच्या संघाने मोठी लीग प्रथमच जिंकली. म्हणजे एकाच मनुष्याला दोन्ही वाटा चालता येतात. मात्र असे पाटीदार दर वर्षी निपजत नाहीत.

अनिकेतचा मोठ्या लीगमधील गाजलेला डाव झाला तो ३० मार्च २०२५ रोजी. हैदराबादची आघाडीची फळी दिल्लीच्या मिचेल स्टार्कपुढे कोसळली असताना त्याने ७४ धावा केल्या. त्याच्या संघाच्या सगळ्या मिळून १६३ झाल्या आणि सामना दिल्लीने जिंकला. योगायोग असा, की या ७४ धावांना त्याला लागलेले चेंडूही ४१ च. दिल्लीचे ‘घरचे’ मैदान त्या दिवशी होते विशाखापट्टणला, जेथे नऊ वर्षांपूर्वी पुण्याने बिऱ्हाड केले होते. दिल्लीचा संघ दिल्लीत नव्हता, हैदराबादकडून खेळणारा झाशीत जन्मलेला भोपाळचा मुलगा होता, आणि आंध्रच्या समुद्रकिनाऱ्यावरचे प्रेक्षक दोघांनाही टाळ्या देत होते. भोपाळमध्ये मात्र त्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांना हा आपला माणूस आहे याविषयी यत्किंचितही शंका नव्हती. गणवेश नारिंगी होता, त्यावर भोपाळचे नाव नव्हते, आणि तरी तो लेपर्ड्सच्या कोणत्याही सामन्यापेक्षा अधिक भोपाळचा वाटला, असे तेथील मंडळी म्हणत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

ग्वाल्हेरच्या नव्या मैदानाने दरम्यान आपले बस्तान बसविले. लीगनंतर चार महिन्यांच्या आत, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, तेथे भारत आणि बांगलादेश यांचा वीस षटकांचा सामना झाला. तेंडुलकरच्या २०० धावांनंतर साडेचौदा वर्षांनी ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परतले. जून २०२५ मध्ये लीगचा दुसरा हंगामही त्याच मैदानावर भरला. या वेळी संघ सात झाले. बुंदेलखंड बुल्स आणि चंबळ घडियाल्स, म्हणजे बैल आणि सुसर, असे दोन नवे प्राणी आले आणि मार्जारकुळाची मक्तेदारी मोडली. स्त्रियांसाठीही तीन संघांची स्पर्धा त्याच वेळी घेण्यात आली. त्यातही भोपाळच्या नावाचा एक संघ होता, भोपाळ वुल्व्ज, म्हणजे लांडगे. तोही खेळला तो ग्वाल्हेरलाच.